एका आठवड्यात उतरलेले सिनेमे आणि थिएटरातली मोजकी माणसं : तुमचे अनुभव सांगा

मधली रांग
परवा ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, "'कोर्ट' लावला होता मोबाइलवर, पंधरा मिनिटांत बंद केला. काही घडतच नाही त्यात." वाद घातला नाही, पण मनातून जाईना. मला एप्रिल २०१५ आठवत राहिला.

आमच्या इथे दिवसाला एकच खेळ होता, सकाळी सव्वादहाचा. रजा टाकून गेले. हॉलमध्ये आम्ही अकरा जण, सगळे एकमेकांपासून लांब लांब. सिनेमाच्या शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, दारं लागतात आणि पडदा काळाकुट्ट. संपला म्हणून आम्ही जवळजवळ सगळे उठलो. मी पर्स खांद्याला लावली, एका काकांनी तर हेल्मेटसुद्धा घातलं. आणि पडद्यावर परत उजेड! न्यायाधीश सहलीला निघालेले. जागेवर परत जायचं कुणाला सुचलंच नाही. काका हेल्मेट काढून पायरीवर टेकले, मी मधल्या वाटेत उभी. पुढचं सगळं तसंच बघितलं. न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. पायरीवरून फक्त "अरे, अरे" एवढं ऐकू आलं.

खाली पार्किंगमध्ये काका माझ्याजवळ आले. "त्या कांबळेंना पुढे जामीन मिळाला असेल का हो?" कांबळे म्हणजे सिनेमातले शाहीर, ज्यांच्यावर खटला चालतो. जणू खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची केस चालू आहे. आम्ही वीसेक मिनिटं उन्हात उभं राहून बोललो. एकमेकांचं नावही विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी आमच्या इथून सिनेमा गेला होता.

तो अंधार मोबाइलवर मिळत नाही, एवढंच त्या मुलाला सांगायचं होतं. तुमचे असे खेळ सांगा. परीक्षण नको, आजूबाजूच्या माणसांचं सांगा.

पारिजात
हेल्मेटवाले काका!! डोळ्यासमोर उभे राहिले अगदी.

गच्चीवरून
फँड्री. १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला होता, त्यामुळे निम्मा हॉल जोड्यांचा. डुकरं पकडणाऱ्या घरातला जब्या वर्गातल्या शालूकडे बघतो तेव्हा शिट्ट्या, टाळ्या, सगळं झालं. मग डुकराच्या मागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं सगळं घर जागच्या जागी थांबतं. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा सवयीने अर्धा उठला. त्याच्याकडे बघून आणखी दोघं उठले. कुणी हसलं नाही. डुक्कर समोरून निघून चाललंय, ते उभे, आणि आमच्यातलेही तिघं उभे.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्यावरून आपल्याकडे आला तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी तोंडापुढे हात धरला. खरंच दगड येणार असल्यासारखा. दिवे लागले तरी शिट्टी मारणाऱ्यांपैकी कुणी बोलत नव्हतं. मीही त्यांच्यातलाच एक होतो, पहिल्या अर्ध्यात मीही हसलो होतो. गावी आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. त्या रात्री पहिल्यांदा त्याचा नंबर शोधला. मिळाला नाही, अजून शोधतोय.

सावली
गच्चीवरून, मिळाला तर इथे नक्की कळवा.

डब्यातली पोळी
मला सगळ्यात आधी श्वास आठवतो. २००४. तेव्हा मी सातवीत. आजोबांनी नेलं होतं. घरातलं बाकी कुणी तयार नव्हतं, "रडायला पैसे कशाला द्यायचे" म्हणाले. श्यामची आईनंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम सिनेमाचं बक्षीस, हे आजोबा बसमध्ये शेजारच्या माणसालाही सांगत होते. ऑस्करसाठी लोकांनी वर्गणी दिली होती तेव्हा आमच्या शाळेतही डबा फिरला होता.

सिनेमातले आजोबा नातवाला ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातून बाहेर नेतात, त्याची नजर जाणार असते म्हणून जग दाखवायला. तेव्हापासून माझ्या आजोबांनी माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. येताना मला दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावत होते. "ती वाच. आता ती वाच." मी कंटाळले होते. आत्ता लिहिताना कळतंय ते काय करत होते. बाळ उठलं, जाते.

तिकीटखिडकी
थिएटरात आठ वर्षं काम केलंय म्हणून दोन गोष्टी सांगतो. लोक विचारतात "सिनेमा इतका चांगला होता, मग उतरवला का?" पुढच्या आठवड्याचे खेळ साधारण सोमवार-मंगळवारी ठरतात, पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारची भरती बघून. तुम्ही "पुढच्या रविवारी निवांत जाऊ" म्हणता तोवर निकाल लागलेला असतो. त्यात छोट्या सिनेमाला मिळतो सकाळचा नाहीतर भर दुपारचा खेळ, तेव्हा नोकरीवाला माणूस येणार कसा? खेळ अडचणीच्या वेळी, म्हणून माणसं कमी. माणसं कमी, म्हणून खेळ कमी.

शिवाय आता रिळं नाहीत. सिनेमा फाइलमध्ये येतो आणि तिला डिजिटल किल्ली लागते. ती किल्ली ठरावीक यंत्रावर आणि ठरावीक तारखांनाच चालते. मुदत संपली की हॉल रिकामा असो, माणसं दारात उभी असोत, सिनेमा उघडत नाही. एकदा एक शिक्षक चाळीस मुलं घेऊन आले होते, एक दिवस उशिरा. मी त्यांना खिडकीतून हे समजावत होतो आणि मुलं पोस्टरला हात लावत होती.

बघायचा असेल तर पहिल्या तीन दिवसांत बघा. हात जोडून सांगतो.

मधली रांग
तिकीटखिडकी दादा, हे किल्लीचं माहीतच नव्हतं. त्या मुलांनी मग काय केलं?

तिकीटखिडकी
मॅनेजरसाहेबांनी दुसऱ्या सिनेमाचे ट्रेलर दाखवून पाठवलं. मुलं खूश होती. सर नव्हते.

वऱ्हाडी पाखरू
स्थळ. मार्च २०२५. टोरांटोच्या महोत्सवात गाजला, हे वाचून गेली नव्हती मी. चंद्रपूरकडचा आहे आणि आपली बोली आहे म्हणून गेली. पडद्यावर आपल्यासारखं बोलणारं माणूस दिसलं की ते विनोदीच असणार, याची सवय झाली होती हो. इथं तसं नव्हतं.

पहिल्याच प्रसंगात मुली पोराला बघायला आल्यात, प्रश्न विचारतात, सगळा हॉल हसला. मग सवितेला बघायला एक स्थळ, मग दुसरं, मग तिसरं. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तेच प्रश्न, तोच पाट. दरवेळी हसू थोडं कमी. शेवटी शेवटी तर एसीचा आवाज ऐकू येत होता. माझ्या बाजूला माझी मोठी बहीण. तिला सतरा स्थळांनी बघितलं होतं. सतरा आकडा मला त्या दिवशी कळला, इंटरव्हलमध्ये तिनं सांगितला. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी मोजले नव्हते, ती मोजत होती.

पारिजात
पाखरू, ताईंना माझा नमस्कार सांगा. मला नऊ. उंची विचारायचे आणि मग चालून दाखव म्हणायचे.

डब्यातली पोळी
मला एकाने इंग्रजी पेपर वाचायला लावला होता. मी वाचला आणि त्याला अर्थ विचारला, स्थळ तिथेच मोडलं. (बाळ झोपलं परत.)

वऱ्हाडी पाखरू
पोळी, हे ताईला वाचून दाखवलं. लई दिवसांनी खळखळून हसली.

दोन बदल्या
किल्ला. मुलगा अकरा वर्षांचा, नुकतीच माझी बदली झालेली, नवी शाळा, नवं गाव. बाबा नाहीत त्याला. विषय माहीत असता तर कदाचित नेलं नसतं. बर्लिनला बालचित्रपटांत बक्षीस मिळालंय एवढंच वाचलेलं. सिनेमातल्या मुलाचंही तेच निघालं, बाबा गेलेले, आईची बदली, नवं गाव. अर्ध्यात तो माझ्या कानात म्हणाला, "आई, हे आपलंच आहे का?" मी हो म्हटलं. मग तो खुर्चीत नीट बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही. त्या महिन्यात पहिल्यांदा त्या रात्री शाळेबद्दल बोलला. कोण डबा हिसकावतं ते नावानिशी सांगितलं.

गच्चीवरून
बदलीच्या पोरांचा वेगळा धागा काढा कुणीतरी. मी पाच शाळा केल्या.

सावली
सात. शेवटी शेवटी मी दप्तरावर नावच घालायची नाही.

धुकं
कासव. सुवर्णकमळ मिळूनही आमच्या इथे एकच खेळ. तिकिटं काढलेले आम्ही चौघं, आणि चौघंही एकमेकांना अनोळखी. दाराशी सांगितलं, इतक्या कमी माणसांत खेळ लावत नाही, पैसे परत घ्या. मी मुकाट्याने निघालोच होतो. पण त्या चौघांत एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "मी दोन बस बदलून आलेय, मी इथेच बसते." आणि बसल्या, कॉरिडॉरमधल्या बाकावर. मग आम्ही तिघंही बसलो.
कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या, पुढचं नंतर लिहितो.

मधली रांग
असं कुठे थांबतात का!

निःशब्द
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. साबर बोंडं, सप्टेंबर २०२५. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळालेला पहिला मराठी सिनेमा म्हणून आईला घेऊन गेले. गोष्ट काय आहे ते तिला सांगितलं नव्हतं. माझ्याबद्दलही तिला काही सांगितलेलं नाही. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र, आणि त्या दोघांचं एकमेकांवरचं प्रेम. कॅमेरा हलतच नाही, त्यामुळे नजर चुकवायला जागा नाही. मागे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. आईने वळून त्यांच्याकडे बघितलं. काही बोलली नाही, नुसतं बघितलं. ते गप्प झाले.

रिक्षात बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्याच्या आईला सगळं ठाऊक होतं बघ. आयांना असतं." मी अजून काही बोलले नाहीये. पण तेव्हापासून लग्नाचा विषय तिने काढलेला नाही.

पारिजात
निःशब्द, तुझ्या आईंना माझ्याकडून एक घट्ट मिठी. तुलाही.

तिकीटखिडकी
वळून बघणारी अशी एक आई प्रत्येक खेळाला हवी.

गच्चीवरून
जरा मागे जातो, 'कोर्ट'चं राहिलं. कांबळे झालेले वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनात गेले. नागपूरचे, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. माझे वडील त्यांचे अंक जपून ठेवायचे. सिनेमा आला तेव्हा वडील म्हणाले, "हा नट नाही, हा माणूस आहे." थिएटरात ते फक्त त्या एका सिनेमासाठी आले, त्याआधी वीस वर्षं गेले नव्हते.

मधली रांग
माहीत नव्हतं हे. त्या काकांना सांगायला हवं होतं.

दोन बदल्या
धुकं, कुकर उतरला का?

धुकं
उतरला, जेवणं झाली, ओटाही पुसला.

तर बसलो बाकावर. आजींनी पिशवीतून स्वेटर काढला, विणायला लागल्या. पाच-दहा मिनिटांनी मॅनेजर आले, आजींकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, लावतो." चौघं एकाच रांगेत बसलो, आजी मध्ये. नैराश्यातून जीव द्यायला निघालेला मुलगा आणि त्याला घरी आणणारी जानकी. समुद्र, कासवांची पिल्लं. मला तो सिनेमा तेव्हा किती हवा होता ते इथे लिहायला नको. आजींना काय कळलं कोण जाणे, मध्येच त्यांनी लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला. "धर जरा, अंधारात घरंगळतो." शेवटपर्यंत तो माझ्या हातात होता.

बाहेर पडलो तर वरच्या केबिनमधला ऑपरेटर जिना उतरून धावत आला. चाळिशीचा असेल. त्याला मध्ये दुसऱ्या पडद्याकडे जावं लागलं होतं. म्हणाला, "तो पोरगा वाचतो ना शेवटी?"

आजी म्हणाल्या, "वाचतो."