दोन इंजिनं, एकच पंखा: हाइंकेल १७७ मध्ये नक्की बिघडलं काय?

दातेरी_चाक:

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी गिअरबॉक्सचं डिझाइन करतो. विमानांचं वेड लहानपणापासूनचं, त्यातही पिस्टन इंजिनांचं जास्त. सध्या जोड-इंजिनांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एका प्रश्नापाशी येऊन थांबलोय.

हाइंकेल १७७ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बाँबरमध्ये बसवलेलं डाइम्लर-बेंझचं डीबी ६०६ घ्या. डीबी ६०१ हे बारा सिलिंडरचं उलटं व्ही इंजिन, म्हणजे सिलिंडर खाली लोंबणारे. अशी दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवली आणि पुढे दोघांना मिळून एकच गिअरबॉक्स दिला. दोन्ही क्रँकशाफ्टचे पिनियन एकाच मोठ्या गिअरला लागतात आणि त्या गिअरच्या शाफ्टवर एकच पंखा (प्रोपेलर). एकूण २४ सिलिंडर, जवळपास ६८ लिटर, उड्डाणाच्या वेळी सुमारे २,७०० अश्वशक्ती. मूळ इंजिनाचा सुपरचार्जर, म्हणजे जास्त हवा दाबून आत भरणारा पंप, डाव्या कुशीला असतो. तो मधल्या फटीत येऊ नये म्हणून उजव्या इंजिनासाठी मुद्दाम उलट्या बाजूचा सुपरचार्जर बनवला. एवढा विचार करणारी माणसं होती ती.

हा खटाटोप कशासाठी, तेही कळतं. १९३० च्या दशकात जर्मनीकडे दोन हजार अश्वशक्तीच्या वरचं भरवशाचं इंजिन नव्हतं. हाइंकेलचा डिझायनर झीगफ्रीड ग्युंटर याला चार इंजिनांची ताकद हवी होती, पण हवेचा अडथळा दोनाचाच हवा होता. हेच डीबी ६०६ आधी हाइंकेल ११९ मध्ये बसवलं होतं. तिथे इंजिन कॉकपिटच्या मागे, धडात होतं आणि लांब शाफ्ट दोन वैमानिकांच्या मधून थेट नाकापर्यंत गेलेला. त्या विमानाने नोव्हेंबर १९३७ मध्ये एक टन वजन घेऊन १,००० किलोमीटरचा फेरा ताशी सुमारे ५०५ किलोमीटरच्या वेगाने पूर्ण केला. म्हणजे कल्पना चालत होती.

मग हाइंकेल १७७ आलं. १९ नोव्हेंबर १९३९ ला पहिलं उड्डाण झालं आणि इंजिनं तापल्यामुळे बाराव्या मिनिटाला ते खाली उतरवावं लागलं. पुढे आगींची रांगच लागली. १९४२ पर्यंत जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंग 'एकमेकांना वेल्डिंग केलेली इंजिनं' म्हणून चिडलेला होता.

माझा प्रश्न असा: दोष खरंच जोडणीचा होता का? दोन इंजिनं एका गिअरवर आली की भार सारखा वाटला जाईल का, एकाने झटका दिला तर दात काय सोसतील, क्रँकशाफ्टला पीळ बसून थरथर किती वाढेल, हे माझ्या डोक्यात आधी येतं. पण 'दात तुटून विमान पडलं' असं मला फारसं कुठे सापडत नाही. सगळीकडे आग, आग आणि आगच. जाणकारांनी समजावून सांगावं. बाकीच्या देशांनी हा प्रयोग केला का, तेही लिहा.

---

जुना_फिटर:

प्रश्न आवडला. बहुतेक लोक 'दोन इंजिनं जोडली म्हणून जळली' एवढ्यावर थांबतात आणि मला ते पटत नाही.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. माझी उमेदीची वर्षं पॅकेट विमानांवर गेली, म्हणजे सी-११९. त्याला राइटची आर-३३५० इंजिनं. अठरा सिलिंडर, दोन ओळींत गोल मांडलेली, साधारण ५५ लिटर. त्यामुळे एवढ्या मोठ्या इंजिनाच्या जवळ उभं राहून ऑइल कुठून पाझरतं हे शोधणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मोठं पिस्टन इंजिन गळतंच. थोडं तरी गळणारच. प्रश्न असतो, गळलेलं जातं कुठे आणि तिथे गरम काय आहे.

आता डीबी ६०६ त्या नजरेने बघा. दोन उलटी व्ही शेजारी शेजारी, म्हणजे आतल्या बाजूच्या सिलिंडरच्या दोन रांगा समोरासमोर, जवळजवळ उभ्या. बारा सिलिंडरांचा एक्झॉस्ट मधल्या त्या चिंचोळ्या जागेत एकत्र येतो. तो भाग लालभडक तापायचा. आणि इंजिन उलटं असल्यामुळे खाली काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तळाशी काय साचणार? ऑइल आणि ग्रीस. फ्युएल इंजेक्शनचे पंप कधी कधी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल द्यायचे आणि जोडांमधून झिरपायचे, तेही तिथेच. वैमानिकाने थ्रॉटल मागे घेतला की पेट घ्यायला सगळं तयार.

त्यात वजन वाचवायला फायरवॉलच, म्हणजे आग अडवणारी भिंतच, ठेवली नव्हती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. इंजिन मुख्य स्पारला, म्हणजे पंखाच्या कण्याला, इतकं चिकटवलेलं की मागे पेट्रोलचे नळ, ऑइलचे नळ, विजेच्या तारा, सगळं एकावर एक. शिवाय त्याच नेसेलच्या (इंजिनाच्या घराच्या) मागे चाकं. या विमानाला प्रत्येक बाजूला दोन मोठे पाय होते, एक आत मुडपायचा आणि एक बाहेर. म्हणजे मागची जागाही गेली.

दुसरं कारण ऑइलचं, आणि तुमच्यासारख्याला ते जास्त पटेल. साधारण ६,००० मीटरच्या वर गेलं की ऑइलला फेस यायचा. वापरलेलं ऑइल परत टाकीकडे खेचणाऱ्या स्कॅव्हेंज पंपाचं डिझाइन चुकलेलं होतं, तो ऑइलबरोबर हवाही ओढायचा. फेसाळलेलं ऑइल बेअरिंगमध्ये गेलं की वंगण कसलं होणार? कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जायचं, रॉड मोकळा सुटायचा, क्रँककेस फोडून बाहेर यायचा, आणि ते ऑइल थेट त्या तापलेल्या एक्झॉस्टवर. आग लागली तर लोक म्हणायचे जोड-इंजिन जळलं. सुरुवात पंपाने केलेली असायची.

म्हणून माझं मत: गिअरबॉक्सने आपलं काम केलं. एक इंजिन गेलं तर क्लचने त्याला सोडवून दुसऱ्यावर पंखा फिरवत ठेवायची सोयही होती. घात केला तो अवतीभवतीच्या जागेने. फिटरचा हात जिथे शिरत नाही तिथली गळती कोणाला दिसणार, आणि दिसली तरी तो काय करणार? ज्या पोरांनी रात्री थंडीत उघड्यावर ही इंजिनं सांभाळली त्यांचा मी नेहमी विचार करतो. त्यांच्या हाती काहीच नव्हतं.

पुढे सुधारणा झाल्या. ए-३ या आवृत्तीत इंजिन २० सेंटिमीटर पुढे सरकवलं, ए-५ मध्ये डीबी ६०५ ची जोडी, म्हणजे डीबी ६१० आलं. आगी कमी झाल्या. वीस सेंटिमीटर! ड्रॉइंगवर एवढी जागा पहिल्याच दिवशी सोडता आली असती. आणि एवढ्या मोठ्या बाँबरने सूर मारून बाँब टाकावेत हा जर्मन हवाई मंत्रालयातल्या उडेटच्या खात्याचा हट्ट होता. चार वेगळी नेसेल त्यात बसणं अवघड, म्हणून मग ही जोडी सोडताही येईना. तो हट्ट १९४२ च्या सप्टेंबरात सोडला, तोवर विमान कारखान्यात बनायला लागलं होतं. चार सुट्या इंजिनांचा नमुना उडायला १९४३ चा डिसेंबर उजाडला.

---

खिडकीची_सीट:

इटलीचंही एक उदाहरण हवं. फियाटचं एएस-६, खास रेसिंगसाठीच बनवलेलं. बारा सिलिंडरची दोन व्ही इंजिनं एकामागे एक, ५० लिटर, पण प्रत्येक अर्धा भाग आपापला पंखा फिरवतो आणि दोन पंखे उलट दिशांना. समुद्रविमानाला हे फार सोयीचं, कारण एकाच मोठ्या पंख्याच्या पिळाने एक फ्लोट पाण्यात दाबला जातो. माक्की एमसी-७२ या समुद्रविमानात ते बसवलं. वैमानिक आगेल्लोने २३ ऑक्टोबर १९३४ ला गार्दा सरोवरावर ताशी ७०९ किलोमीटर गाठले. पिस्टन इंजिनाच्या समुद्रविमानांत तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

पण त्याआधी जीव गेले. बेंचवर नीट चालणारं इंजिन हवेत बॅकफायर करायचं. वेगाने जाताना इनटेकमध्ये जी हवा घुसते ती बेंचवर नव्हतीच. इंग्लंडहून रॉड बँक्स हे इंधनाचे जाणकार आले, त्यांनी बेंचवरही तसाच हवेचा झोत सोडायला लावला, इंधनाचं मिश्रण बदललं आणि मग गाडी रुळावर आली. इथेही गिअर निर्दोष.

---

ओहायोकर:

मी डेटनला राहतो. इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात फिशर पी-७५ ईगल ठेवलंय. मुलांना घेऊन गेलो की माझी पावलं त्याच्यापाशी थांबतात. त्याच्या पोटात ॲलिसन व्ही-३४२० आहे. व्ही-१७१० ही दोन इंजिनं घेऊन एकाच क्रँककेसवर बसवलेली, दोन क्रँकशाफ्ट, २४ सिलिंडर, ५६ लिटर, २,६०० अश्वशक्ती आणि वर. दातेरी_चाक, तुमच्यासाठी गंमतीचा मुद्दा: एका प्रकारात दोन्ही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरतात, दुसऱ्यात उलटसुलट. पी-७५ मध्ये इंजिन वैमानिकाच्या मागे, लांब शाफ्ट पुढे नाकापर्यंत, तिथे उलट फिरणारे दोन पंखे.

जुना_फिटर यांचं म्हणणं या इंजिनाने सिद्ध होतं असं मला वाटतं. व्ही-३४२० च्या बऱ्याच सुट्या भागांची व्ही-१७१० शी अदलाबदल व्हायची, म्हणजे आधीच पारखलेलं सामान. डग्लसच्या अजस्र एक्सबी-१९ बाँबरवर आधी आर-३३५० होती. ती काढून चार व्ही-३४२० बसवली आणि विमानाचा वेग ताशी ३६० वरून ४४० किलोमीटरच्या घरात गेला. जोडणी चालली!

पण त्याला विमानच मिळालं नाही. ॲलिसनचा कारखाना व्ही-१७१० च्या मागणीखाली दबलेला, त्यामुळे काम मागे पडत गेलं. पी-७५ मध्ये इतर विमानांचे तयार भाग जोडून वेळ वाचवायचा बेत होता. २,५०० ची ऑर्डर होती, बनली १४, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये काम थांबलं. बी-२९ या बाँबरवर हे इंजिन लावून एक्सबी-३९ बनवलं, ते डिसेंबर १९४४ मध्ये उडालं. तोवर आर-३३५० वालीच बी-२९ जपानवर जात होती. लॉकहीडचं एक्सपी-५८ एकच बनलं. सगळी मिळून दीडशेच्या आसपास इंजिनं, बस्स. चांगलं काम वेळेवर पोचलं नाही याचं मला वाईट वाटतं.

---

दातेरी_चाक:

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ऑफिसात लावतोय. 'गळलेलं जातं कुठे आणि तिथे गरम काय आहे' हा प्रश्न मी आता प्रत्येक लेआउट तपासताना विचारणार. ओहायोकर, उलटसुलट क्रँकशाफ्टबद्दल आणखी शोधतो.

एक शंका उरते. दोन इंजिनं एकाच गिअरला बांधण्यापेक्षा फियाटसारखं प्रत्येकाला आपला पंखा दिला तर? क्लचही नको, भार वाटायची काळजीही नको.

---

जुना_फिटर:

हेच फेअरी या ब्रिटिश कंपनीच्या कॅप्टन फोर्सिथ यांनी केलं. त्यांचं पी-२४ हे इंजिन बघा. बाहेरून एक इंजिन, २४ सिलिंडर, इंग्रजी एच अक्षरासारखी मांडणी. पण दोन अर्धे भाग पूर्ण स्वतंत्र: क्रँकशाफ्ट वेगळा, सुपरचार्जर वेगळा, पंखाही वेगळा. ३० जून १९३९ ला ते फेअरी बॅटल विमानावर उडालं. हवेत अर्धं इंजिन बंद करायचं, त्याचा पंखा फेदर करायचा (पाती हवेला कमीत कमी अडतील अशी वळवायची) आणि उरलेल्या अर्ध्यावर गस्त घालत राहायचं. नौदलाला याहून काय हवं? समुद्रावर तासन्‌तास फिरणाऱ्या विमानाला एका नाकात दोन इंजिनं मिळतात आणि एक गेलं तर विमान एका बाजूला ओढलंही जात नाही, दोघांची ताकद मधोमधच लागते.

ते विमान पुढे अमेरिकेत राइट फील्डला नेलं, म्हणजे ओहायोकरांच्या डेटनलाच. थंडरबोल्ट या अमेरिकन लढाऊ विमानावर बसवायची बोलणी झाली. पण युद्धात नव्या इंजिनाला कारखाना कोण देणार, तिथेच संपलं.

आणि तुमच्या शंकेतली अडचण: क्लच गेला तरी एकात एक बसणारे दोन शाफ्ट आले. आतला शाफ्ट बाहेरच्या पोकळ शाफ्टमधून जातो, मधल्या बेअरिंगना ऑइल पोचवायचं, दोन पंख्यांच्या पात्यांचे कोन बदलायची यंत्रणा त्याच चिंचोळ्या जागेतून न्यायची. डोकेदुखी जात नाही, गिअरबॉक्समधून उठून नाकाशी जाऊन बसते. मला विचाराल तर ती तिथे बरी. तिथे काउलिंग काढलं की हात पोचतो, आणि खाली एक्झॉस्ट नाही.

फेअरीने ही कल्पना सोडली नाही. गॅनेट हे पाणबुड्या शोधणारं विमान १९४९ मध्ये उडालं, त्यात आर्मस्ट्राँग सिडलीचं डबल मांबा होतं. पिस्टन जाऊन टर्बाइन आली, मांडणी तीच: दोन इंजिनं, उलट फिरणारे दोन पंखे, गस्तीवर एक बंद. ते ब्रिटिश नौदलात बरीच वर्षं टिकलं. मांबाच्या गिअरबॉक्सचा आडवा छेद कुठे मिळाला तर इथे लावा. दोन्ही बाजू सुट्या राहाव्यात म्हणून बेअरिंग कशी मांडली आहेत, ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.