मदत हवी आहे: सरासरी व्होल्टेजवरून शिखर व्होल्टेज काढताना उत्तर कमी येतंय

नमस्कार मंडळी. बारावीतल्या भाचीच्या प्रकल्पात एका आकड्यापाशी आम्ही दोघं अडलोय.

इंदूरच्या महाराणी रोडवरून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला. पुढे एसीचं डीसी करणारा, ४००७ नंबरच्या चार डायोडांचा ब्रिज आणि १ किलोओहमचा रेझिस्टर. कपॅसिटर मुद्दाम लावलेला नाही, कारण तो लावला की मीटरवर अर्ध्या आवर्तनाची सरासरी न येता जवळजवळ शिखरच येतं. २३० व्होल्टची बाजू पूर्ण झाकलेली आहे.

मीटर एसीवर १२.० दाखवतो, ब्रिजनंतर डीसीवर ९.४. पूर्ण आवर्तनाची सरासरी शून्य येते, म्हणून अर्ध्या आवर्तनाची घ्यायची, इतपत भाचीला नीट कळलंय. शिखर म्हणजे सरासरी गुणिले पायचा निम्मा, म्हणजे १.५७१. त्या हिशेबाने १४.८ येतं. पण ओळखीच्यांच्या ऑसिलोस्कोपवर ब्रिजनंतरचं शिखर साधारण १५.५ दिसलं. मीटरचा सेल नवा आहे, दुसऱ्या मीटरवरही ९.४ च.

मग वाटेतल्या दोन डायोडांवर पडणारे साधारण १.४ व्होल्ट आधी मिळवून पाहिले: १०.८ गुणिले १.५७१ म्हणजे १६.९७. त्यातून १.४ वजा केले तर १५.५७. मीटरच्या एसी आकड्यावरून शिखर काढायला १२ ला १.४१४ ने गुणलं तरी १६.९७ च येतं! भाची खूश झाली, पण मला कारण समजल्याशिवाय ते वहीत लिहू द्यायचं नाही.

शून्याजवळ डायोड क्षणभर बंदच असतात, तेव्हा १.४ वजा होतच नाहीत. मग सरासरीत सरसकट १.४ मिळवणं बरोबर आहे का, आणि त्याने चूक साधारण किती येते?