रि: मेडोवेलमधलं टाउनहाऊस, घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

एरवी मी या मेल लिस्टवर नुसता वाचतो, तेही फराळाच्या ऑर्डरची तारीख गेली का एवढंच बघायला. पण यावेळी सल्ला हवाय. आम्ही चार वर्षं मिसिसागात (कॅनडा, टोरोंटोच्या शेजारी) स्क्वेअर वन मॉलजवळ एकोणिसाव्या मजल्यावर भाड्याने आहोत, मुलगी तीनची झालीय आणि तिला खाली बागेत न्यायचं म्हणजे बूट, जॅकेट, टोपी, लिफ्टची वाट, आणि लिफ्ट आली की तिला शू लागते. तर याच शहरातल्या मेडोवेलमध्ये एक टाउनहाऊस (भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं घर) बघितलं. १९७८ चं बांधकाम, कॉन्डो टाउनहाऊस म्हणजे सोसायटीतलं, तीन बेडरूम, खाली बेसमेंट, कोर्टच्या, म्हणजे बंद गल्लीच्या, पार आतल्या टोकाला. मागतायत ८ लाख डॉलर, मेंटेनन्स महिन्याला ५४०.

शनिवारी दुपारी गेलो तेव्हा गल्ली इतकी शांत होती की आपल्याच गाडीचं दार लावल्यावर मी दचकलो. बायकोला नेमकं तेच आवडलं. मला मात्र तेव्हापासून कसंतरीच होतंय, काय ते धड सांगता येत नाही. पुढच्या वर्षी आईबाबा सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो) येतील, तेही डोक्यात आहे. एजंट म्हणतो दोन दिवसांत ऑफर टाका आणि कंडिशन घालू नका. बोला.

– स.

----

स.,

एजंटला सांग, घाई तुला आहे, मला नाही. कंडिशन काढायची नाही म्हणजे नाही. बिल्डरकडून नवीन कॉन्डो घेतला तर मन बदलायला १० दिवस मिळतात, जुना घेतला तर एक तासही मिळत नाही. सही केली की गेलास. त्यामुळे ऑफरमध्ये तीन गोष्टी लिहून घे, मॉर्गेज, इन्स्पेक्शन, आणि स्टेटस सर्टिफिकेट वकिलाने बघून ओके म्हणेपर्यंत. सर्टिफिकेटला जास्तीत जास्त १०० डॉलर लागतात आणि कॉन्डो कॉर्पोरेशनला, म्हणजे इथल्या सोसायटीला, ते १० दिवसांत द्यावंच लागतं. त्यात रिझर्व्ह फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठीची गंगाजळी) किती पैसे आहेत, कोर्टकचेरी चालू आहे का, जादा वर्गणी काढायचं ठरलंय का, सगळं येतं. मी पहिलं घर घेतलं तेव्हा ते बाड चाळलं, वाचलं नाही. आठ महिन्यांनी छपराच्या नावाखाली ९,००० ची नोटीस दारात. विचारलं तर म्हणे साहेब पान ३१ वर आहे. होतंच!

आता रोकड. ८ लाखांवर कमीत कमी डाउनपेमेंट ५५,००० (पहिल्या ५ लाखांवर ५ टक्के, वरच्या ३ लाखांवर १० टक्के). एवढंच भरलंस तर मॉर्गेज इन्शुरन्स ४ टक्क्यांनी २९,८०० होतो, तो कर्जात मिसळतो म्हणून बोचत नाही, पण त्यावरचा ८ टक्के पीएसटी (प्रांताचा विक्रीकर), २,३८४, क्लोजिंगला, म्हणजे घर ताब्यात घेताना, रोख द्यावा लागतो आणि हे कोणी आधी सांगत नाही. लँड ट्रान्सफर टॅक्स १२,४७५. मिसिसागात आहेस म्हणून एवढ्यावर सुटतोस, टोरोंटो शहरात तेवढाच आणखी एक. पहिलं घर असेल तर ४,००० परत मिळतात, पण पहिलं म्हणजे जगात कुठेही पहिलं. बाबांनी कोथरूडचा फ्लॅट प्रेमाने तुझ्या नावावर करून ठेवला असेल तर ते ४,००० विसर.

आणि १९७८ चं घर आहे, वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे का आधी विचार. असेल तर घाबरायचं कारण नाही, पण इन्शुरन्सवाले इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीचा कागद मागू शकतात.

– वि. काका

----

स., काकांनी हिशेब मांडलाय, मी दुसरंच सांगते.

आम्ही मेडोवेलमध्येच ११ वर्षं टाउनहाऊसमध्ये आहोत, मधलं युनिट, म्हणजे दोन्ही बाजूंनी दुसऱ्याची भिंत. शांत गल्ली म्हणजे घर शांत असं नाही रे. उलट बाहेर आवाज नसला की भिंतीपलीकडचा चमचा पडलेला ऐकू येतो. डावीकडच्यांचा जिना आमच्या जिन्याला लागून, त्यांचा मुलगा रात्री साडेअकराला शिफ्टहून येतो ते मला घड्याळ न बघता कळतं. गिरगावात वाढले त्यामुळे त्रास होत नाही, पण माझ्या नवऱ्याचं बालपण कोल्हापुरात स्वतंत्र बंगल्यात गेलं, त्याने पहिलं वर्षभर कानात कापूस घातला. म्हणून परत जा, पण मंगळवारी रात्री नऊला जा, सगळे घरी असतात तेव्हा, आणि बेडरूमच्या भिंतीला कान लाव. विकणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे.

आता तुला जे कसंतरीच होतंय ना, ते मला कळलंय. ते आईबाबांचं आहे. माझी आई वेंगुर्ल्याची. पहिल्यांदा आली तेव्हा नोव्हेंबर होता, आम्ही दोघं सकाळी सातला घराबाहेर, मुलं शाळेत, आणि ती दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत. संध्याकाळी मला विचारते, "गो, हय माणसां रवतत मां?" एकदा म्हणाली आज नऊ गाड्या गेल्या आणि एक कुत्रा, तो मात्र दोनदा. मी हसले, मग रात्री झोप लागेना. बस थांब्यापर्यंत जायचं तर बर्फात पाय घसरेल ही भीती, आणि मिल्टन लाइनची गो ट्रेन, म्हणजे इथली लोकल, सकाळी टोरोंटो डाउनटाउनला जाते नि संध्याकाळी परत येते, मधल्या वेळात आणि शनिवार-रविवारी नुसत्या बस, कारण रूळ मालगाड्यांवाल्यांचे. म्हणजे आपण कुठे घेऊन जाऊ तेव्हाच ती बाहेर.

मग मे महिन्यात उजवीकडच्या आजीबाई परसात आल्या. पोर्तुगीज, अझोर्सच्या, इंग्लिश आमच्या आईइतकंच, म्हणजे थँक्यू आणि सॉरी. त्या मोठ्या पानांची भाजी लावतात, तिला कोव्ह म्हणतात. कुंपणावरून एक पान पुढे करून म्हणाल्या, कोव्ह. आई म्हणाली, कोबी? मग आईने घरातून बटाटा आणून दाखवला. त्या म्हणाल्या बटाटा! मग चावी, साबण, पाव, आणि शेवटी आईने आमच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं, जनेल. त्यांनी छातीवर हात ठेवला, "जनेला, जनेला." दोघी कुंपणाला धरून इतक्या हसत होत्या की मला वाटलं कोणीतरी पडलं. त्यानंतर रोज अकराला दोघी परसात. आमच्या कुकरच्या शिट्ट्या भिंतीतून ऐकू येतात म्हणून त्या बाई आधी तक्रार करणार होत्या म्हणे (त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं), आता तिसऱ्या शिट्टीनंतर त्या दार वाजवतात, वरणाची वाटी घ्यायला.

तर घराबरोबर भिंतीपलीकडचं माणूसही येतं, आणि ते स्टेटस सर्टिफिकेटमध्ये नसतं. आजूबाजूच्या दोन्ही दारांवर टकटक कर आणि सांग की आम्ही घर बघतोय. कोण दार उघडतं, किती उघडतं, ते बघ.

– म. ताई

----

सगळं बरोबर, पण पार्किंग कोणी सांगितलंच नाही. बहुतेक टाउनहाऊसला एक गॅरेज, एक ड्राइव्हवे, बास. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये ७० घरांना व्हिजिटर पार्किंगच्या ११ जागा. गणपतीच्या आरतीला सहा गाड्या आल्या आणि दोघांना मोदकाबरोबर तिकीट मिळालं. आणि कोर्टच्या टोकाचं घर म्हणतोयस, बर्फाचा ट्रॅक्टर सगळ्या गल्लीचा बर्फ ढकलत ढकलत कुठे आणून ठेवतो ते जानेवारीत जाऊन बघ. हो, आणि मागचं अंगण वापरायला तुझं, मालकी कॉर्पोरेशनची, डेक बांधायचा तर परवानगी. मुंबईच्या सोसायटीचे सेक्रेटरी इथेही आहेत, फक्त त्यांना बोर्ड म्हणतात.

– नि.

----

मंडळी, खूप आभार. अपडेट देतो.

मंगळवारी रात्री नऊला गेलो. भिंतीला कान लावला, पलीकडे हॉकीची मॅच, स्कोअर ऐकू आला नाही पण गोल झाला ते कळलं. चालेल म्हटलं. मग शेजारी टकटक केली. एका बाजूला दार उघडलंच नाही, आतला दिवा मात्र विझला. दुसऱ्या बाजूला एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, जमैकाचे, त्यांनी दार उघडून आधी मुलीला विचारलं तुझं नाव काय, मग मला सांगितलं की २०२४ च्या जुलैत पाऊस झाला तेव्हा या रांगेतल्या दोन बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं, ह्या घरात आलं नव्हतं पण संप पंप (बेसमेंटमधलं पाणी उपसणारा) कधीचा आहे ते विचारा. एजंटला हे माहीतच नव्हतं. किंवा होतं.

ऑफर ७ लाख ७५ हजारांची दिली, तिन्ही कंडिशनसकट, घेतली त्यांनी. काका, कोथरूडचा फ्लॅट बाबांच्याच नावावर आहे, मी आईला फोन करून दोनदा विचारलं, आता तिला वाटतंय मला फ्लॅट हवाय. स्टेटस सर्टिफिकेट आलं, १४० पानं, पान ३१ सकट सगळं वाचलं, दोन वर्षांत खिडक्या बदलायच्या आहेत आणि त्याचे पैसे रिझर्व्ह फंडात धरलेत असं वकील म्हणतात. ताई, स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे आहे. आईला व्हिडिओवर दाखवली तर तिने विचारलं समोर कोण राहतं.

इन्स्पेक्शन गुरुवारी. वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचंच निघालं. ते काम केलेला इलेक्ट्रिशियन कोणाच्या ओळखीत असेल तर नंबर मला वेगळा पाठवा, लिस्टवर नको, मागे ढोल-ताशाच्या मेलवर सगळ्यांनी रिप्लाय ऑल करून काय झालं ते माहितीये.

– स.