भारत-चीन कारखानदारी: टक्का बघायचा की टन?

धरमपेठी: 'भारताच्या जीडीपीत कारखानदारीचा वाटा १७ टक्क्यांवरून १३ वर आला, म्हणजे उद्योग बुडाले,' असं आजकाल जो तो बोलून राहिला आहे. माझ्या मते वाट्यावरून दोन देशांची तुलना होतच नाही. चीनचाही वाटा २०१० च्या आसपास ३२ टक्के होता, २०२३ ला २६ वर आला. त्याच काळात तिथल्या कारखान्यांचं मूल्यवर्धन (मालाच्या किमतीतून कच्च्या मालाचा खर्च वजा जाता उरतं ते) १.९ ट्रिलियन डॉलरवरून ४.६ ट्रिलियनवर गेलं. बुडाले का ते? सेवा क्षेत्र जास्त जोरात पळालं की टक्का आपोआप घसरतो.

डॉलरमध्ये मोजण्याचंही तेच, रुपया घसरला की आपला आकडा लहान दिसतो. २०११ ला ४६-४७ रुपयांना मिळणारा डॉलर २०२३ ला ८२ च्या पुढे गेला. म्हणून मी टन बघतो. १९५० साली आपलं पोलाद १५ लाख टनांच्या घरात होतं, चीनचं ६ लाख. १९८० ला चीन ३ कोटी ७० लाख, आपण ९५ लाख. २०२३ ला चीन १०२ कोटी, आपण १४ कोटी. म्हणजे आपण पुढे होतो ते चौपट मागे गेलो, आणि हे चीननं शेन्झेनचं विशेष आर्थिक क्षेत्र उघडण्याआधीच. नंतरच्या ४३ वर्षांत चौपटीचं सातपट झालं, बस.

हिंगणा_शेड: पोलादावरून देश मोजायचा काळ गेला भाऊ. औषधाच्या गोळ्या, चिप, मोबाईल टनात मोजता का? आपल्या नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियनहून आले. त्यात लोखंड किती ते कोणी विचारत नाही. रचना, मोटर, नियंत्रण यंत्रणा कोणाची ते महत्त्वाचं. मूल्यवर्धनच खरं माप, आणि त्यात ते आपल्या दसपट आहेत. लोकसंख्या जवळपास सारखीच.

शिवाय चिनी आकड्यांवर एवढा भरवसा काऊन? १९५८ ला गावोगावच्या भट्ट्यांत घरातली भांडी वितळवली, बरंचसं लोखंड कुचकामी निघालं, तरी हिशोबात धरलंच.

धरमपेठी: म्हणून तर १९५८ घेतलंच नाही. आणि आजचं पोलाद लपवता येत नाही. ज्या लोहखनिजातून ते बनतं, ते ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील विकतात. विकणाऱ्याच्या वहीतही नोंद असते.

महाल_गल्ली: दोघंही माप धरून बसले, कारण कोणी सांगत नाही. १९६७ पासून लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी होती, त्या वस्तू मोठ्या कारखान्यांनी बनवायच्या नाहीत, पुढे ८०० च्या वर गेली. शेवटच्या २० वस्तू २०१५ ला निघाल्या! तयार कपडे, खेळणी वर्षानुवर्षं त्याच यादीत. चीन नेमकं तेच जगाला विकून मोठा झाला. वरून केंद्राच्या कायद्यानं १९८० च्या दशकापासून २०२५ पर्यंत १०० कामगार असले की कारखाना बंद करायलाही सरकारची परवानगी लागायची. मग मालक काय करायचा? एका कारखान्याचे तीन शेड, तीन नावं. तिघांपैकी एकही मोठा होत नव्हता.

खापरखेडा_ताई: यादी १९६७ ची, पण धरमपेठी १९५० पासूनचं बोलून राहिले ना. कायद्याआधी शाळा बघा. १९८१ च्या जनगणनेत आपली साक्षरता ४३ टक्क्यांच्या आसपास, चीनच्या १९८२ च्या जनगणनेत ६५ च्या. शेन्झेनच्या कारखान्यांत ज्या पोरी उभ्या राहिल्या, त्या शिकलेल्या होत्या. आपल्याकडे बुटीबोरीला पाळीवर जायचं म्हटलं तर आजही घरून पहिला प्रश्न, रात्री परत कशी येशील? यावर कोणतीच योजना बोलत नाही.

बुटीबोरी_२२: एक तांत्रिक गोष्ट. २०१५ ला आपण जीडीपी मोजायला २०११-१२ हे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमतींवर पुढची वाढ मोजतात ते) धरलं, कंपन्यांची माहितीही वेगळ्या ठिकाणाहून घेतली. जुनी आणि नवी मालिका जोडून रेघ ओढाल तर मध्येच उडी दिसेल, ती कारखान्यातली नाही. शिवाय त्या मालिकेत कच्च्या मालाची महागाई वेगळी वजा होत नव्हती. तेल स्वस्त झालं की वाढ फुगून दिसायची.

हिंगणा_शेड: ताईंचा मुद्दा पटला, धरमपेठींचा नाही. १९५० ते १९८० चं एवढं कौतुक करता, त्याच तीस वर्षांत चीनमध्ये कोट्यवधी माणसं भुकेनं मेली. ते पोलाद कोणाच्या ताटातून आलं?

धरमपेठी: कौतुक कुठं केलं बाप्पा? अंतर कधी पडलं एवढंच सांगितलं. दुष्काळ १९५९ ते ६१ चा. त्यानंतरच्या वीस वर्षांवर तुमचं काय म्हणणं आहे, ते सांगा.