रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नागरिकत्वाचे शिक्षण कितपत असते?

निळा लिटमस:
मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच संविधानातील अनुच्छेद 51क, म्हणजे नागरिकांची मूलभूत कर्तव्ये, छापलेली असतात. त्यांत पर्यावरणाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टी ही दोन्ही येतात, पण पुढच्या प्रकरणांशी त्यांची गाठ क्वचितच पडते. बारावीत हरित रसायनशास्त्र आहे, तेही शेवटच्या प्रकरणात, म्हणजे फेब्रुवारीच्या तोंडावर उरकण्याच्या जागी. या विषयातून नागरिक घडवायचा तर पुस्तकात नेमके काय हवे?

भूजल:
एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील पर्यावरणीय रसायनशास्त्राचे प्रकरण 2022 मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना वगळण्यात आले. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड, शिसे, नायट्रेट यांच्या मर्यादा त्यातच होत्या, आणि माझ्या मते खरे नागरिकशास्त्र तेच होते. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या एखाद्या मुलीला विहिरीच्या अहवालातला 2.8 हा आकडा वाचता आला, तर ती ग्रामसभेत उभी राहून बोलू शकते. ‘पाणी जपून वापरा’ हे वाक्य पाठ करून तिला तसे बोलता येणार नाही.

जुना विद्यार्थी:
थोडा मतभेद नोंदवतो. नुसते आकडे दिले की त्यांच्या रिकाम्या जागा होतात. आम्ही त्या एका गुणासाठी भरल्या आहेत. भोपाळचे उदाहरण घ्या. कार्बारिल हे कीटकनाशक करताना फॉस्जीनची अभिक्रिया आधी मिथिल अमाइनशी घडवली तर वाटेत मिथिल आयसोसायनेट, म्हणजे 1984 मध्ये भोपाळच्या कारखान्यातून गळालेले ते विषारी रसायन, तयार होते. तेच फॉस्जीन आधी नॅफ्थॉलशी जोडले तर ते वाटेत लागतच नाही आणि शेवटी कीटकनाशक तेच मिळते. हा क्रम कोणी ठरवला, टाकीत सुमारे 40 टन साठा कशासाठी होता आणि शेजारच्या वस्तीला त्याची कल्पना का दिली गेली नाही, हे प्रश्न स्वाध्यायात आले पाहिजेत. वस्तीला माहिती देण्याचे बंधन घालणारे नियम 1989 मध्ये, म्हणजे दुर्घटनेनंतर पाच वर्षांनी आले.

निळा लिटमस:
दोन्ही सूचना पटल्या. कीटकनाशकाचा तो क्रम उद्याच फळ्यावर मांडते. पाण्याचे अहवाल मात्र विद्यार्थ्यांनी कोणाकडे मागावेत?

भूजल:
आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. नमुने गोळा करण्याचे काम त्याच्याकडेच असते.