बायपासनंतर मुतखडा, क्रिएटिनिन १.३. कॅल्शियम बंद करू की चालू ठेवू?

वय ४३. दीड वर्षापूर्वी वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन) झाला. १२४ किलोवरून ८३ वर आलोय, शुगरची गोळी सुटली, जिना चढताना धाप लागत नाही. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात पहाटे डाव्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली की फरशीवर आडवा झालो. मूत्रनलिकेत ४ मिमीचा खडा निघाला. तो आपणहून पडला, पण दोन्ही किडन्यांत बारीक खडे आहेत. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. त्या वेळी क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) १.३ होतं, ऑपरेशनआधी ०.९.

मग चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली. ५ लिटरचा कॅन घेऊन सुट्टीचा दिवस घरात काढला. दुसऱ्या सकाळी बघतो तर तळाला जेमतेम ८५० मिली! ऑक्झलेट जास्त, ७८ मिग्रॅ, आणि खडे होऊ न देणारं सायट्रेट कमी.

आता गोंधळ असा. खड्याचं बघणारे म्हणाले, कॅल्शियमची गोळी बंद करा. ऑपरेशनवाल्यांच्या आहारतज्ज्ञ म्हणतात, ती जन्मभर सोडायची नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मी मधल्या मधे. सध्या कॅल्शियम रात्री झोपताना घेतो. शिवाय बीपीची जुनी गोळी (तिच्यात लघवीचं औषधही आहे), व्हिटॅमिन सी १००० मिग्रॅ, सकाळी पालक-बदामाची स्मूदी, आणि गुडघा दुखला की वेदनाशामक. पाणी घटाघटा पिताच येत नाही, अर्ध्या ग्लासात पोट दगड होतं.

कोणी यातून गेलंय का?

उत्तर १

गेलेय. माझा बायपास सहा वर्षांपूर्वीचा, खडे दोनदा. डॉक्टर नाही, तेव्हा हे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

कॅल्शियम मनाने बंद करू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते. एरवी तेच कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेतं. ते अडकलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि किडनीवर येऊन पडतं. म्हणून मला कॅल्शियम सायट्रेट दिलं, तेही जेवणाबरोबर, दिवसात विभागून. झोपताना घेतलेली गोळी हाडांना मिळेल, पण जेवणातलं ऑक्झलेट तोवर पुढे गेलेलं असतं.

तुमची स्मूदी वाचून हसू आलं, कारण मीही तेच ‘हेल्दी’ पीत होते. पालक आणि बदाम दोन्हींत ऑक्झलेट भरपूर. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसचंही शरीरात ऑक्झलेट होतं. मल्टिव्हिटॅमिन ठेवा, ही वेगळी गोळी कशासाठी चालू आहे ते विचारा.

वेदनाशामकाबद्दल मात्र चिडूनच लिहिते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी असेल तर बायपासच्या जोडावर अल्सर आणि वर किडनीला मार. ऑपरेशननंतर हे कोणीच सांगितलं नाही?

पाण्याला उपाय एकच, घोट घोट. मी बाटलीवर मार्करने तासातासाच्या रेघा मारल्या. पाणी किती प्यायलो ते मोजू नका, लघवी किती झाली ते मोजा. मला रोज दोन-अडीच लिटरचं लक्ष्य दिलं होतं.

उत्तर २

दोन गोष्टी राहिल्या. एक, १.३ हे कळ आलेल्या दिवसाचं आहे. अडथळा आणि उलट्यांमुळेही चढलं असेल, पुन्हा तपासा. पण पुन्हा तेवढंच आलं तर हलक्यात घेऊ नका. ४० किलो उतरताना स्नायूही जातात, त्यामुळे क्रिएटिनिन खरं तर खाली यायला हवं. माझ्यासाठी म्हणूनच सिस्टॅटिन सी (किडनीसाठीचीच दुसरी रक्ततपासणी) सांगितलं होतं, ते स्नायूंवर तेवढं अवलंबून नसतं. दुसरं, बीपीची गोळी १२४ किलोच्या माणसाची आहे. आता बीपी किती आहे?

मूळ प्रश्नकर्ता

आत्ता मोजलं, ९६/६०. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती वजन उतरल्यामुळे असेल असं समजत होतो. डॉक्टरांना फोन केला, गोळीचा आजचा डोस थांबवायला सांगितलाय, उद्या बोलावलंय. कॅल्शियमची डबी बघितली, सायट्रेट नाही, कार्बोनेट आहे. दोन्हीकडचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावून नेतोय, लघवीचा सगळ्यात वर.