मदत हवी आहे: गॅरार्ड ४०१ साठी कोणता टोनआर्म घ्यावा? (एलपी आणि ७८ दोन्ही वाजवायच्या आहेत)

नमस्कार मंडळी,

बाबा बोटीवर नोकरीला होते. १९७४ साली इंग्लंडहून येताना त्यांनी गॅरार्ड ४०१ हा टर्नटेबल (तबकडी फिरवणारं यंत्र) आणला आणि त्यावर एसएमई ३००९ हा टोनआर्म, म्हणजे पिन धरणारा दांडा. मिरजेच्या घरात ही जोडी इतकी वर्षं वाजत होती. गेल्या वर्षी घर बदललं. सामान उतरवताना आर्मला मार बसला, नळी वाकली आणि आर्म जिच्यावर तोलतो ती बेअरिंगची धार तुटली. एका कारागिराला दाखवला. नळी सरळ केली तरी पहिल्यासारखी होणार नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

मोटर मात्र ठणठणीत आहे. मेन बेअरिंग साफ करून नवं तेल घातलं, आयडलरचं (मोटरची गती ताटलीला देणाऱ्या चाकाचं) रबर अजून मऊ आहे. निऑनच्या उजेडात ताटलीच्या कडेचे ठिपके अगदी स्थिर दिसतात, म्हणजे वेग बरोबर आहे. आता फक्त आर्म हवा.

अडचण अशी की आमच्याकडे एलपींइतक्याच ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या पाच, हिराबाईंच्या काही आणि नाट्यपदांचा एक गठ्ठाच. ४०१ वर ७८ चा वेग आहे आणि तो थोडा मागेपुढेही करता येतो. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ वर कापलेल्या नसतात, त्यामुळे ही सोय लाखमोलाची. बाबा तंबोरा जुळवून घेऊन षड्ज मिळेपर्यंत तो खटका हळूहळू फिरवायचे. पण ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते, तिला पिन वेगळी लागते. एलपीची बारीक पिन लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी खरखरच जास्त ऐकू येते.

म्हणून बाबांनी दोन हेडशेल (आर्मच्या टोकाला बसणारी, कार्ट्रिज धरणारी कवचं) ठेवली होती. कॉलर सैल करायची, एक काढायचं, दुसरं लावायचं. माझ्याकडे आत्ता ऑर्टोफोन २एम रेड हे कार्ट्रिज (पिनेची कंपनं विजेत बदलणारा भाग) आहे, ७८ साठी २एम ७८ घ्यायचा विचार आहे. दोन्हींचं वजन ७.२ ग्रॅम आणि पिनेचा खाचेवरचा दाबही १.८ ग्रॅमच, म्हणजे हेडशेल सारख्या वजनाची असली तर काउंटरवेटला (आर्मच्या मागच्या वजनाला) हात लावायला नको.

माझ्यासमोरचे पर्याय:

पहिला, वापरलेला एसएमई ३००९ सीरिज टू इम्प्रूव्हड, सुटं हेडशेलवाला. (याच आर्मची हेडशेल न निघणारी आवृत्तीही विकायला येते, फोटो नीट बघावे लागतात.) याचं इफेक्टिव्ह मास (आर्म हलताना पिनेला जाणवणारं वजन) ९.५ ग्रॅम. २एम रेडची कम्प्लायन्स (पिनेची लवचीकता) २० धरून हिशेब केला तर रेझोनन्स (आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या कंपनसंख्येला थरथरतात ती) साडेआठ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ८ ते १२ च्या योग्य पट्ट्यात बसतो. शिवाय प्लिंथमध्ये (टर्नटेबलच्या लाकडी बैठकीत) एसएमईचं लांबट भोक आधीच कापलेलं आहे.

दुसरा, नवा रेगा आरबी३३०. बेअरिंग उत्तम, वॉरंटी मिळेल, चिंता नाही. पण हेडशेल नळीतच ओतलेलं. आणि पिव्होट (आर्म फिरतो तो बिंदू) ते स्पिंडल (ताटलीच्या मधला दांडा) अंतर २२२ मिलिमीटर, ३००९ चं सुमारे २१५, म्हणजे अ‍ॅडाप्टर प्लेट आलीच.

एसएमईच्याच बारा इंची ३०१२ चा मोह होतो, पण प्लिंथवर जागा नाही आणि बाबांचं सागवानी प्लिंथ मला बदलायचं नाही. एसएमईने २०१९ च्या अखेरीस सुटे आर्म विकणं थांबवलं, आर्म बनवणारी जेल्को कंपनी २०२० मध्ये बंदच पडली. त्यामुळे सुट्या हेडशेलचा चांगला आर्म म्हटलं की बहुतेक वेळा जुना बाजारच.

सगळं धरून बजेट ६०,००० रुपये.

भर, दुसऱ्या दिवशी: सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी सुचवलं की रेगाच घ्या, त्यावर ऑडिओ टेक्निका व्हीएम९५ लावा आणि फक्त पिन बदला, ७८ ची पिन त्याच कार्ट्रिजमध्ये बसते. काल रात्री यावर बराच विचार केला. एलपीच्या पिनेला दाब २ ग्रॅम, ७८ च्या पिनेला ५. रेगाची दाब लावायची डायल ३ ग्रॅमपर्यंतच जाते, म्हणजे दर वेळी काउंटरवेट हलवून काट्यावर दाब मोजा. आई ७६ वर्षांची आहे आणि दुपारी एकटी असताना खाँसाहेब लावते. तिच्याकडून ते होणार नाही. हेडशेल बदलणं तिला चाळीस वर्षांपासून येतं.

डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज सुचवणाऱ्यांना: त्याचा आवाज मी ऐकलाय, फार आवडतो. पण ते कडक (कमी लवचीक पिनेचं) कार्ट्रिज आहे, त्याला जड आर्म लागतो. ३००९ वर ते खुलणार नाही असं वाटतं. चुकत असेन तर सांगा.

तर ३००९ वरच येतोय. आता नेमकं विचारायचं आहे ते हे. इंग्लंडमधल्या विक्रेत्याकडून मागवताना त्याला कोणते फोटो, कोणता व्हिडिओ मागू? मागच्या काउंटरवेटचं रबर कडक होऊन वजन खाली लोंबतं हे वाचलंय. ते इथे बदलून मिळतं का? बेअरिंगची धार काहींत स्टीलची असते, काहींत नायलॉनची. दोन्ही ऐकलेलं कुणी आहे का? आणि पुणे, सांगली किंवा कोल्हापुरात आर्म बसवून अलाइनमेंट करून (कार्ट्रिजचा कोन जुळवून) देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी टर्नटेबल गाडीत घालून घेऊन येईन.